म्हातारपणाची काठी



मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणण्याचा आपल्या भाषेत प्रघात आहे. हा वाक्प्रचार इतका रुळलेला आहे की त्यात दडलेला आर्थिक करार सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वृद्धापकाळी ज्याच्यावर भार टाकायचा तो पोटचा मुलगा, आणि म्हणून त्याला वाढवण्यात घातलेला पैसा व कष्ट ही एक प्रकारची ठेव, असा तो करार आहे. त्याचा दुसरा अर्थ असा निघतो की, ज्या घरात कर्ता मुलगा आहे त्या घरातल्या म्हाताऱ्याला लाकडाची काठी लागता कामा नये. ती लागली तर कुठेतरी काही उणे पडले, असे शेजारी समजतात. आणि शेजाऱ्यांच्या आधी घरचीच माणसे तसे समजतात. पुण्याच्या पेठांतून भर वैशाखात मिटलेली छत्री टेकत जाणारे वृद्ध गृहस्थ दिसतात. ती छत्री पावसासाठी नाही हे पाहणाऱ्याला कळते, आणि ते त्याला कळते हे त्या गृहस्थांनाही ठाऊक असते. तरीही छत्री चालते, काठी चालत नाही.

हीच मंडळी मुलांकडे अमेरिकेला निघाली की वेगळे दृश्य दिसते. विमानतळावर चाकांची खुर्ची मागून घेण्यात त्यांना तिळमात्र संकोच वाटत नाही. मुलानेच तिकीट काढताना तशी नोंद केलेली असते. लांबलचक रांगा टळतात, भाषेची अडचण भासत नाही, सामानासह कोणीतरी थेट दारापर्यंत नेऊन पोचवतो. आणि याचे वेगळे पैसेही सहसा द्यावे लागत नाहीत. ज्यांना पुण्यात दोन मैल चालता येते असेही अनेक जण या खुर्चीत बसतात. वस्तू तीच, माणूस तोच. विमानतळावर ती सोय ठरते आणि लक्ष्मी रस्त्यावर नामुष्की. यावरून एवढे तरी सिद्ध होते की लाज त्या खुर्चीत नाही. ती पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे, आणि नजर जागेप्रमाणे बदलते. जी नजर बदलते ती बदलवताही येते.

पुण्याच्या नजरेला एक विशिष्ट वळण आहे. या शहराने वृद्धत्वाचा आदर्श म्हणून ताठ कण्याच्या माणसाचे चित्र मनाशी धरले. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले आणि १९६२ मध्ये, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी गेले. हिंगण्याहून पुण्यापर्यंतची त्यांची पायपीट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. त्या पायपिटीमागे आश्रमातल्या विधवा मुलींची चिंता होती, ती सांगताना गळून पडली आणि चालणे तेवढे उरले. आज पहाटे पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा वेताळ टेकडीवर जे ऐकू येते ते त्याचेच वंशज आहे : ‘पंच्याहत्तरी झाली, पण अजून काठी लागत नाही.’ आरोग्याची काळजी घेणे चांगलेच. परंतु गुडघ्याची झीज हे सद्‌गुणांच्या अभावाचे प्रमाणपत्र नव्हे. ज्याला काठी लागली त्याने जणू व्यायामात कुचराई केली, अशी एक अबोल नैतिक टीका या कौतुकात असते, आणि ती ऐकून कित्येक जण घराबाहेर पडायचेच थांबतात.

याच पुण्यात या नजरेला छेद देणारी परंपराही आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था पहिल्या महायुद्धातील जायबंदी सैनिकांसाठी १९१७ साली निघाली. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पुण्यात आहे. खडकीचेच पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले. चाकांच्या खुर्चीत बसून धडाडीने जगणारी माणसे या शहराने शंभर वर्षे पाहिली आहेत. मग ही दृष्टी शहराच्या बाकीच्या भागात का उतरली नाही? कारण समाजाने खुर्च्यांचीही उतरंड लावली आहे. सैनिकाची खुर्ची शौर्याची खूण. तिच्यासमोर माना लवतात. तरुण अपंगाची खुर्ची जिद्दीची खूण; तिच्यावर लेख येतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजुक यांच्या आत्मकथनाचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे आणि ते महाराष्ट्राने आदराने वाचले. पण सत्तरीतील निवृत्त कारकुनाच्या किंवा घरकाम करून झिजलेल्या बाईच्या खुर्चीला कोणतीही कथा चिकटलेली नसते. तिच्यात शौर्य नाही, जिद्दीचे नाट्य नाही. आहे ते फक्त वय. आणि वय ही गोष्ट पाहणाऱ्याला स्वतःच्या उद्याची आठवण करून देते, म्हणून तो मान दुसरीकडे वळवतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कसबा पेठ मतदारसंघाची पोटनिवडणूक होती. पाच वेळा तेथून आमदार झालेले व त्या वेळी पुण्याचे खासदार असलेले गिरीश बापट दीर्घ आजारी होते. ते चाकांच्या खुर्चीत बसून, नाकाला प्राणवायूची नळी लावून, केसरी वाड्यात कार्यकर्त्यांसमोर आले व बोलले. त्यानंतर मतदानालाही आले. २९ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. समाजवादी चळवळ आणि बापट यांचा पक्ष यांच्यात विचारांचे अंतर किती आहे, हे येथे सांगण्याची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी विरोधकांनी टीका केली ती अशी की, आजारी माणसाला पक्षाने प्रचाराला जुंपले. ही टीका सर्वस्वी अस्थानी होती असे नव्हे. मृत्यूच्या छायेत असलेल्या माणसावर पक्ष दडपण आणू शकतो, आणि माणुसकीने तसा प्रश्न विचारणे रास्तच आहे. परंतु त्या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली होती : खुर्चीत बसलेला माणूस स्वतः येत नाही, त्याला आणले जाते. चाळीस वर्षांहून अधिक काळ राजकारणात घालवलेल्या माणसाला अखेरच्या दिवसांत आपल्या मतदारसंघाच्या लढाईत उतरावेसे वाटले असेल, ही शक्यता फारशी कोणी विचारात घेतली नाही. माणूस खुर्चीत बसला की त्याच्या वाक्यातील कर्ता नाहीसा होतो आणि क्रियापद कर्मणी होते.

तमिळनाडूत याच गोष्टीकडे वेगळ्या रीतीने पाहिले गेले. एम. करुणानिधी उतारवयात मुख्यमंत्री असतानाच चाकांच्या खुर्चीचा वापर करू लागले. २०११ आणि २०१६ च्या विधानसभा निवडणुकांचा प्रचार त्यांनी त्या खुर्चीतूनच केला, आणि त्यांचे वाहनही तशा सोयीचे होते. लोकांनी त्यांना मते दिली किंवा दिली नाहीत, ती त्यांच्या राजकारणासाठी. अडचण आली ती विधानसभेच्या सभागृहात. आपली खुर्ची बसेल अशी जागा द्यावी, ही त्यांची मागणी होती; ती सोय नाही म्हणून ते सभागृहाबाहेरच हजेरीपटावर सही करून परतत. पाच वेळा मुख्यमंत्रिपद भूषवलेल्या माणसाची ही गत असेल तर दत्तवाडीतल्या म्हातारीने कोणाकडे दाद मागावी?

आपल्या समाजाने वृद्धसेवेचा आदर्श ठरवला तो श्रावणबाळाचा. महाराष्ट्र शासनाच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचे नावही श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना असेच आहे. या कथेकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? आई-वडील कावडीत बसलेले आहेत. ती कावड ज्याच्या खांद्यावर आहे तो नेईल तिकडे जाणार, तो थांबेल तिथे थांबणार. तीर्थयात्रेची इच्छा त्यांची, पण गती सर्वस्वी त्याची. आणि दशरथाचा एक बाण चुकून लागताच ती सारी व्यवस्था कोसळते. एकाच माणसाच्या खांद्यावर उभारलेली सामाजिक सुरक्षितता किती तकलादू असते, याचे याहून करुण उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तरीही आपण कथेतून मातृपितृभक्ती तेवढी उचलली. राज्याने श्रावणबाळाचे नाव घेतले खरे. परंतु योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना पंधराशे रुपये झाली, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून दोनशे रुपयांवरच थबकलेला आहे. दोनशे रुपयांची कावड!

अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘समता कशाची?’ या प्रश्नावर व्याख्यान दिले. त्यात आणि पुढच्या लेखनात त्यांनी अपंग व्यक्तीचे उदाहरण घेऊन एक मूलभूत मुद्दा मांडला. दोन माणसांचे उत्पन्न समान असले तरी त्या उत्पन्नाचे जगण्यात रूपांतर करण्याची त्यांची शक्ती समान नसते. धडधाकट माणूस बसच्या तिकिटात मंडईत जाऊन येतो. गुडघे गेलेल्या माणसाला त्याच कामासाठी रिक्षा लागते आणि कदाचित सोबतीला माणूसही. पंधराशे रुपये दोघांच्याही हातात पडतात, परंतु त्यांची किंमत दोघांना सारखी नसते. म्हणून केवळ रोख मदत वाढवून भागत नाही. बसची पायरी खाली आली, रस्ता ओलांडणे सोपे झाले, तर त्याच पंधराशे रुपयांची खरेदीशक्ती वाढते. सार्वजनिक सोय ही गरिबाची पगारवाढ असते, हे समाजवाद्यांनी पाणी, शाळा आणि दवाखाने यांबाबत नेहमी सांगितले. पदपथाबाबत ते सांगायचे राहून गेले.

साधने वाटली जातात, नाही असे नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठ्या, कुबड्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या तीतून मिळतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणून पात्र वृद्धाच्या खात्यावर एकरकमी तीन हजार रुपये देण्याचे ठरवले. तीन हजारांत काठी येते, वॉकर येतो; धड चाकांची खुर्ची येत नाही. आणि वाटप होते ते कसे? मांडव, फलक, पुढाऱ्याची छबी, आणि रांगेत बसवलेले वृद्ध. खुर्ची दिली जाते ती रुग्णालयाच्या व्हरांड्यासाठी घडवलेली, सर्वांना एकाच मापाची; ती घरी आणल्यावर न्हाणीच्या दारातून आत जात नाही आणि जिन्यावरून खाली उतरत नाही. मग ती कॉटखाली सरकवली जाते. हक्क म्हणून मिळणाऱ्या वस्तूचे माप घेतले जाते, दान म्हणून मिळणाऱ्या वस्तूचे घेतले जात नाही. याच राज्यव्यवस्थेने १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू करताना चाकांच्या खुर्चीवर पाच टक्के कर बसवला. कच्च्या मालावरच्या कराचा परतावा देशी उत्पादकाला मिळावा म्हणून हे केले, असे समर्थन झाले. हिशेबाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु चालण्यावर कर बसला, अशी जी भावना अपंगांच्या संघटनांनी व्यक्त केली, तिला उत्तर हिशेबाच्या वहीत सापडत नाही.

शासनाला दोष देणे सोपे आहे. त्याहून अवघड प्रश्न सोसायटीच्या जिन्यावर उभा आहे. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या सहकारी सोसायट्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. तेव्हाचे तिशीतले सभासद आज ऐंशीच्या घरात आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे जोडपे महिनोन् महिने खाली उतरत नाही. भाजी, औषधे, न्हावी सारे वर येते. लिफ्ट बसवण्याचा विषय वार्षिक सभेत निघतो तेव्हा काय घडते? तळमजल्यावरचा सभासद म्हणतो, ‘लिफ्ट आम्ही वापरणार नाही, पैसे का द्यावेत?’ पहिल्या मजल्यावरचा म्हणतो, ‘उजेड अडेल.’ कोणी पुनर्विकासाची वाट पाहायला सांगतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला वाट पाहायला सांगणे हा क्रूर विनोद आहे, याचे भान त्याला नसते. वस्तुतः गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी तत्त्व स्पष्ट करून ठेवले आहे : इमारतीत लिफ्ट असेल तर तिच्या देखभालीचा व चालवण्याचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा, मग कोणी ती वापरो वा न वापरो. हे तत्त्व शुद्ध समाजवादी आहे. गंमत अशी की धनंजयराव गाडगीळांच्या पुण्यात, ज्या सोसायटीच्या पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द कोरलेला आहे, तिथेच ते पटवून द्यावे लागते. आणि जे पटवून घेत नाहीत ते दुष्ट असतात असेही नाही. आपणही एक दिवस त्या जिन्याच्या मधल्या वळणावर दम घेत उभे राहू, हे त्यांना कबूल करवत नाही एवढेच.

हे झाले मध्यमवर्गाचे. परंतु गुडघे सर्वांचे एकाच वयाला झिजत नाहीत. मार्केट यार्डातला हमाल आयुष्यभर पाठीवर पोती वाहतो. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीला पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला भविष्य निर्वाह निधी दिला. झिजलेला मणका काही परत दिला नाही. हमाल पन्नाशीतच म्हातारा होतो, पण योजनांचे दार साठीला किंवा पासष्टीला उघडते. कचरा वेचणाऱ्या, धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या बायकांचे तर विचारूच नये. उकिडवे बसण्यात त्यांचे गुडघे गेलेले असतात. घरात नवऱ्याला काठी आणली जाते, बाई मात्र भिंतीला धरून चालते. तिच्यासाठी काठी आणायला हवी हे कोणाला सुचत नाही, कारण तिने कुठे बाहेर जायचे आहे, असेच सगळे धरून चालतात. तीही तसेच धरून चालते.

या अदृश्यतेचे प्रतिबिंब आकड्यांतही पडते. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या दोन कोटी अडुसष्ट लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के निघाली. त्याच देशात २०१७-१८ मध्ये झालेल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या सुमारे चोवीस टक्के लोकांना चालणे, आंघोळ, कपडे घालणे यांसारख्या रोजच्या क्रियांपैकी निदान एकीत अडचण असल्याचे आढळले. दोन्ही आकड्यांचे निकष वेगळे आहेत, म्हणून त्यांची सरळ तुलना करू नये. पण गणनेला येणाऱ्याने ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले की, चार वर्षे अंथरुणाजवळच वावरणाऱ्या आजीबद्दल घरचे सांगतात, ‘छे, तिचे वय झाले आहे.’ अपंगाचे सरकारी भाषेत ‘दिव्यांग’ झाले, पायरी तेवढीच उंच राहिली. आणि म्हातारी माणसे दोन्ही शब्दांच्या बाहेरच राहिली.

कायद्याची उणीव नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन घातले. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील सुगमतेविषयीचा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला आणि बंधनकारक किमान मानके करायला सांगितले. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पुणे महापालिकेचे पादचारी धोरण तर २०१६ पासून आहे. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, हे मान्य करायला हवे. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत. पण स्थानकापर्यंत पोचायचे कसे? पदपथ दर पन्नास पावलांवर तुटतो. दुचाक्या वर चढू नयेत म्हणून जे लोखंडी खांब रोवले जातात, त्यांतून चाकांची खुर्चीही जात नाही. २०२० मध्ये पदपथावर आडव्या उभ्या राहून दुचाकीस्वारांना अडवणाऱ्या एका ज्येष्ठ पुणेकर महिलेचे चित्रीकरण देशभर गाजले. लोकांनी तिचे कौतुक केले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पदपथावर गाडी घातली. ती पायांवर उभी राहू शकत होती म्हणून अडवू तरी शकली.

साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. त्या अन्यायाशी पायरीच्या अडचणीची बरोबरी करणे योग्य होणार नाही. तो जाणूनबुजून केलेला अपमान होता, ही बहुधा बेफिकिरी आहे. परंतु सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न त्याच जातीचा आहे, आणि तो विचारण्याचा वारसा ज्या चळवळीकडे आहे तिने तो पुण्याच्या गल्लीबोळांत विचारायला हवा.

मतदानाच्या दिवशी त्याचे उत्तर एक दिवसापुरते मिळते. निवडणूक आयोगाच्या दंडकाप्रमाणे मतदान केंद्रावर उतार असावा लागतो, चाकांची खुर्ची ठेवावी लागते. महापालिकेच्या ज्या शाळेच्या चार पायऱ्यांपुढे आजोबा नातवाला सोडून वर्षभर परत फिरतात, तिथे त्या दिवशी लाकडी फळ्यांचा उतार तयार होतो. सर्व पक्षांचे कार्यकर्ते धावून येतात, वृद्धांना रिक्षातून आणतात, प्रसंगी उचलून आत नेतात. संध्याकाळी फळ्या काढल्या जातात. त्या फळ्यांच्या जागी सिमेंटचा कायमचा उतार करायला किती गोण्या सिमेंट लागेल, याचा अंदाज वॉर्डातला कोणताही गवंडी उभ्या उभ्या सांगेल. आपापल्या भागातील मतदान केंद्रांची यादी प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत असते. त्यांतल्या प्रत्येक शाळेसाठी ही मागणी लेखी करणे, क्षेत्रीय कार्यालयातून तिची पोच घेणे आणि अंदाजपत्रकाच्या वेळी ती पुन्हा पुढे करणे, हे काम उद्या सकाळी सुरू करता येण्याजोगे आहे.

त्याआधी स्वतःच्या घराची पाहणीही व्हावी. पुण्यातील अनेक पुरोगामी संघटनांची आणि पक्षशाखांची कार्यालये जुन्या वाड्यांच्या पहिल्या मजल्यावर आहेत. जिना लाकडी, अरुंद, कठड्याऐवजी मधोमध लोंबणारा दोर. बैठकीची सूचना सर्वांना जाते. आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले काही जुने सभासद आता तो जिना चढू शकत नाहीत. त्यांची वर्गणी मात्र दर वर्षी वेळेवर, नातवाच्या हाती, वर येते.